चुलीवर काय शिजत होतं?

मावशी, काल तुझी तेरवी झाली. पंगतीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच वाक्य होतं, "सुटली बिचारी. शेवटी शेवटी काहीच आठवत नव्हतं तिला." मी आमटीची बादली घेऊन वाढत होते. दोनदा ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा ऐकून घेतलं नाही. पण ते मागाहून सांगते, कारण तुला गोष्ट मधूनच सांगितलेली चालत नसे.

काहीच आठवत नव्हतं म्हणे! नाचणगावातली निम्मी माणसं तुझ्या हातांवर जन्माला आली. त्यांतल्या एकाला तरी स्वतःचा जन्म आठवतो का? तो तूच त्यांच्या वतीने लक्षात ठेवलास, चाळीस वर्षं. ना कागद, ना पेन्सिल, ना अक्षरओळख. आणि आता हीच माणसं मला तुझ्या विसरण्याबद्दल सांगतात. मला राग आला आहे मावशी, आणि तो मी आवरणार नाही. तूही कधी आवरला नव्हतास.

तू माझ्या आईची मावसबहीण. सिंदी मेघे गावची मी नाचणगावला पडले ती तू आणलेल्या स्थळामुळे. "पोरगा पुलगावच्या गिरनीत कारकून हाये, मुका नाई, आंधया नाई, अजून काय पाह्यजे तुले?" एवढीच तू यांची शिफारस केली होतीस. लग्नानंतर पंधरा दिवसांनी तू घरी आलीस आणि माझ्या सासूबाईंसमोर मला विचारलंस, "काऊन वं सुमे, बोलते का तो?" मी मान हलवली. "मंग ठीक हाये," म्हणालीस आणि चहा मागितलास. सासरी माझ्या बाजूने बोलणारं एक माणूस आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

तुझी लक्षात ठेवायची रीत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं. बाळंतपण आटोपलं, नाळ कापली, मूल पुसून आईच्या कुशीत दिलं की तू बाहेर येऊन हात धुवायचीस आणि घरच्यांना पहिला प्रश्न विचारायचीस, "चुलीवर काय शिजून राह्यलं?" नव्या माणसांना वाटायचं, बाईला भूक लागली. भूक लागलेली असायचीच. पण तू उत्तर ऐकून, झाकण उघडून, वास घेऊन मगच पाटावर बसायचीस. मग ते मूल कायमचं त्या वासाचं होऊन जायचं. पाटलाचा मधला झुणक्याचा. शिंप्याची मोठी अंबाडीच्या भाजीची. दुकानदाराची जुळी कढीगोळ्याची. माझा थोरला पाटवडीचा, धाकटा नुसत्या वरणाचा, कारण त्या दिवशी घरात भाजी नव्हती आणि त्यावरून तू सासूबाईंना दोन गोष्टी सुनावल्या होत्यास.

कोणी विचारलं, मावशी, माझा गज्या कधी झाला गं, की तू डोळे मिटायचीस. "गज्या... भरल्या वांग्याचा. वांगं जळलंतं. काहून जळलं? तुयी जाऊ तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाले झूल शिवत बसली होती. म्हंजे पोळ्याची कर. दुपार कललीती." आणि चुलीवरच्या वांग्यापासून तू नेमकी त्या दिवसापर्यंत, त्या प्रहरापर्यंत पोचायचीस. मी शाळेत पोरांकडून सतराचा पाढा म्हणून घ्यायचे. मध्येच थांबवून सतरा सक किती म्हणून विचारलं तर पोरगं सतरा एके पासून पुन्हा सुरू करतं. तसंच आहे हे, असं मला वाटायचं. आठवण सुटी राहत नाही, तिला धरायला एक टोक लागतं. तुझं टोक चुलीत होतं.

आपलं पहिलं मोठं भांडण शाळेच्या दारात झालं. जून महिना, पहिलीची भरती. आईबाप पोरं घेऊन रांगेत उभे, आणि जन्मतारीख कोणाकडेच नाही. आमच्या हेडमास्तरांचा शिरस्ता होता, पोराने डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरला की तो सहा वर्षांचा, आणि तारीख टाकायची एक जुलै. मीही तेच करत होते. नऊ पोरांना एक जुलै टाकून झाली होती. तू कोणाच्या तरी नातवाला घेऊन आली होतीस आणि माझ्या खांद्यावरून रजिस्टरात बघत होतीस. वाचता येत नव्हतं, पण एकाखाली एक सारखंच काहीतरी लिहिलं जातंय, हे तुला दिसलं.

"हे काय लिवून राह्यली तू?"

"जन्मतारीख."

"सगळ्याइची एकच?"

"कोणाला खरी ठाऊक नाही मावशी. काहीतरी लिहावं लागतं."

"मले ठाऊक हाये न! मले इचारलं का कोनी?" तू कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. "नऊ पोट्टे एका दिशी झाले अस्ते, सुमे, तं मी त्या दिशी मरूनच गेली अस्ती!"

सगळी रांग हसली. मी नाही हसले. हेडमास्तर बघत होते, मला ओशाळं वाटलं, आणि मी तुला म्हटलं, "सरकारी काम आहे, तुझ्या वांग्या-झुणक्यावर चालत नाही."  तू रांगेतल्या प्रत्येक पोराजवळ जाऊन, त्याच्या डोक्यावर हात ठेवून, मोठ्याने सांगत गेलीस, हा कोणत्या भाजीचा, तो कोणत्या सणाचा, कोण पावसात, कोण पऱ्हाटीचा कापूस वेचायच्या दिवसांत. मी माझं लिहिणं चालूच ठेवलं. त्या रजिस्टरात ती सगळी पोरं आजही एक जुलैची आहेत. मोठी होतील, नोकऱ्या करतील आणि एकाच दिवशी रिटायर होतील. खरे दिवस तुझ्याजवळ होते, आणि ते मी लिहून घेतले नाहीत. एवढी शिकलेली मी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

त्र्याहत्तर सालच्या डिसेंबरात माझं पहिलं बाळंतपण झालं. तूच होतीस. सकाळची वेळ. तुरीच्या ओल्या शेंगा घरात येऊन पडल्या होत्या, आणि सासूबाईंनी सोल्यांची आमटी टाकली होती. हिरवे दाणे आधी तव्यावर भाजायचे, मग लसूण-मिरचीबरोबर वाटायचे, त्या भाजण्याचा वास माझ्या खोलीत आला होता. तो वास आणि माझी शुद्ध एकदमच गेली. मधे कुठेतरी, लांब, एकदा, मी मूल रडताना ऐकलं. मग काही नाही.

जागी झाले तेव्हा कूस रिकामी होती. सासूबाई उशाशी बसल्या होत्या. "पोरगी होती. झालीच मेलेली. मनात काई ठेवू नको. इसरून जाय." नाल्याकाठी पुरून आले होते. मला दाखवलीही नव्हती. तान्ह्या मुलाचं सुतक धरत नाहीत, नाव ठेवलेलं नसतं, रडायला बायका येत नाहीत. तिसऱ्या दिवशी मला कढण दिलं आणि महिन्याभराने शाळेत पाठवलं. जो तो एकच सांगे, विसर. यांनीही सांगितलं. हे वाईट नाहीत, तू म्हणालीस तसे मुके-आंधळेही नाहीत, पण त्यांना दुसरा शब्द सापडला नाही.

मी विसरले. खोटं नाही सांगत, बऱ्यापैकी विसरले. दुपारच्या शाळेत, पोरांच्या गोंगाटात, दिवसच्या दिवस तिची आठवण यायची नाही. पण त्या हिवाळ्यानंतर मी सोल्यांची आमटी केली नाही. शेजारणीच्या घरून वास आला तरी पोटात कळ यायची, दूध उतरल्यासारखी छाती दुखायची. मनाला सांगितलं होतं विसर, त्याने ऐकलं. अंगाला कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि एक गोष्ट होती जी जाईना. ती रडली होती का? झालीच मेलेली, तर मी ऐकलं काय? सासूबाई म्हणाल्या, भास. हे म्हणाले, अशा वेळी माणसाला काहीही ऐकू येतं. मलाही वाटायला लागलं, की आपण हे मागाहून मनात रचलं असावं. रोज रोज आठवून गोष्ट झिजते, आणि झिजली की आपण तिला आपल्या हाताने ठिगळ लावतो, हे मला तेव्हाच कळत होतं. पहिल्या वर्षी ते रडणं एकदाच होतं. पुढे कधी ते लांबायचं, कधी अगदी जवळून यायचं. आता खरं कोणतं, सांगणार कोण? एकच माणूस होतं.

थोरला झाला तेव्हा, पाटवडीचा, तू त्याला तेल लावत होतीस. मी विचारलं, "मावशी, ती रडली होती का?"

तुझा हात थांबला नाही. "मले आठवत नाई," म्हणालीस.

तू! गज्याच्या घरी कोणत्या दिवशी वांगं जळलं ते सांगणारी तू! सगळ्या आयुष्यात मी तुझ्या तोंडून ते वाक्य त्या एकाच दिवशी ऐकलं, आणि त्याच क्षणी मला कळलं की तुला आठवतंय. मग मी तुझा पिच्छा पुरवला. संक्रांतीला वाण द्यायला आलीस तेव्हा विचारलं, भुलाबाईच्या गाण्यांना जमलो तेव्हा कोपऱ्यात घेऊन विचारलं, धाकट्याच्या वेळी तर कळा येत असताना विचारलं. "कळ दे, सुमे, बोलू नको," म्हणालीस. एकदा मी चिडून म्हटलं, तू गावाला सगळं सांगतेस आणि मला फसवतेस, माझ्या आईची बहीण असून. तू उठून गेलीस. चार महिने आपण बोललो नाही. चार महिन्यांनी तू अंबाडीची भाजी-भाकरी घेऊन आलीस आणि जणू काही झालंच नाही अशी माझ्या पायरीवर बसलीस. मी खाल्लं. भांडण मात्र तिथेच पडून राहिलं. मला वाटायचं, सांगेल कधीतरी. म्हातारपणी सांगेल. वेळ आहे.

वेळ नव्हता. ब्याऐंशीच्या सुमारास तू एकच गोष्ट दोनदा विचारायला लागलीस. मग घरी आल्यावर परत जायची वाट विचारायला लागलीस. तुझी पुतणसून शांता तुला वर्ध्याला डॉक्टरकडे घेऊन गेली, मीही सोबत आले होते. डॉक्टर म्हणाले, आता असंच होत जाणार, नवं आधी जाईल, जुनं मागाहून. आणि तसंच झालं. आधी परवाची पोरं गेली, मग माझा धाकटा, मग थोरला. गाव तुझ्यातून उलट्या क्रमाने निघून जात होतं, आणि मी मनातल्या मनात वर्षं मोजत होते. अठ्ठ्याहत्तर गेलं. पंच्याहत्तर गेलं. त्र्याहत्तर किती दूर आहे? मी तुझ्याकडे प्रेमाने यायचे, मावशी, ते खरंच. पण त्या प्रेमात ही हिशेबी भीतीही होती, हे आज तुला सांगून टाकते.

एका सकाळी तू शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिलीस. मी धावत गेले. तू माझ्याकडे बघितलंस आणि अगदी अदबीने विचारलंस, "तू कोनाची वं बाई?" मी वर्गात परतले आणि फळ्याकडे तोंड करून बराच वेळ तारीख लिहीत राहिले.

पंच्याऐंशीच्या डिसेंबरात मी बाजारातून तुरीच्या शेंगा आणल्या. बारा वर्षांनी. घरात सोलायला बसले तेव्हा सासूबाईंनी पाहिलं. तवा ठेवला, दाणे टाकले, आणि वास उठला तशी मी भिंतीला धरून उभी राहिले. दाणे करपू दिले नाहीत मात्र. आमटी केली, पातेलं फडक्यात बांधलं आणि तुझ्याकडे आले. उपाय म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. तुझीच रीत तुझ्यावर चालवून बघायची, एवढंच.

तू ओट्यावर उन्हात बसली होतीस. मी समोर बसले आणि झाकण काढलं. तू वास घेतलास. परत घेतलास. डोळे मिटलेस. मला तुझं ते डोळे मिटणं ओळखीचं होतं.

"सोले," तू म्हणालीस. "सुमीची पोट्टी."

मी काही बोलले नाही. बोलले असते तर तू सतरा एके पासून सुरू केलं असतंस, किंवा केलंच नसतंस.

तुझे हात वर आले. दोन्ही तळवे समोरासमोर, दीड वीत अंतर, मग थोडं जास्त. "एवढी." मग उजवा तळवा वाकला, डोकं धरायला वाकतो तसा. "केस होते. लई केस होते. काये."

"रडली होती का?" मी विचारलं. 

"रडली न बाप्पा! चांगली मोठ्यानं रडली. मंग दम कमी पडला तिले. मी छातीशी धरली, पदरात घेतली, लई वेळ धरली. मंग थंडी पडली." तुझे हात अजून तसेच होते, मधे रिकामी जागा धरून. "सुमीच्या सासूनं तुयशीवर हात ठेवाले लावला मले. म्हने, जिती होती हे समजलं तं पोरीचा जीव जाईन. म्हना, मेलेलीच झाली."

मग तू डोळे उघडलेस, माझ्याकडे झुकलीस, माझा हात धरलास आणि खालच्या आवाजात म्हणालीस, "तू कोनाची मले नाई ठाऊक. पन बाई, सुमीले सांगजो नको हं. शपथ हाये."

"नाही सांगणार, मावशी," मी म्हटलं.

तू वाटीभर आमटी प्यायलीस आणि चांगली झाली म्हणालीस.

मी घरी येताना रस्त्यात रडले आणि मग, तुला खोटं वाटेल, हसले. सगळे म्हणत होते तू सगळं विसरलीस. तू तर शपथसुद्धा विसरली नव्हतीस! बारा वर्षं जपलीस, डोकं गेलं तरी जपलीस. विसरलीस ती फक्त मला. तू मला विसरलीस म्हणून मला माझी मुलगी मिळाली. माणूस का विसरतं, हे मी पुस्तकात शोधलं, डॉक्टरला विचारलं, आणि मला पटेल असं उत्तर मिळालं नाही. पण विसरण्यातूनही देणं होऊ शकतं, हे तुझ्या ओट्यावर कळलं. त्यासाठी तुझे उपकार मानू की एवढी वर्षं गप्प बसलीस म्हणून भांडू, हे माझं अजून ठरलं नाही. दोन्ही करते आहे. तुळशीवर हात ठेवायला लावला तेव्हा तू नाही म्हणायला हवं होतंस, मावशी. कोणाला घाबरत नव्हतीस, मग तिथेच कशी घाबरलीस? पण मग वाटतं, ती थंड होईपर्यंत तू धरून बसलीस. मी शुद्धीवर नव्हते तेव्हा तिच्याजवळ कोणीतरी होतं. हे आठवलं की माझं भांडण लंगडं पडतं.

आता कालची गोष्ट. शांताने वडे-पुऱ्या, कढी, खीर असा तेरवीचा नेहमीचा बेत केला होता. मी सोल्यांची आमटी करून नेली. ती म्हणाली, तेरवीला ही कुठे असते? मी म्हटलं, हिच्या तेरवीला असते. आणि बादली घेऊन पंगतीत उतरले. तिसऱ्यांदा जिने ते वाक्य म्हटलं ती तुझ्या हातावर बाळंत झालेलीच होती. "कोरी पाटी झालती म्हातारी."

मी तिथेच थांबले. म्हटलं, "तिला आठवत होतं. माझी पहिली मुलगी रडली होती, ते तिला शेवटपर्यंत आठवत होतं."

 सासूबाई त्याच ओळीत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. थकल्या आहेत आता. मला त्यांना रडवायचं नव्हतं. फक्त एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. त्या पानावर नजर ठेवून बोलल्या, "जुन्या गोष्टी काहाले काढतं? मले आठवत नाई."

तेच वाक्य, मावशी. तोच स्वर. तुझाही हात तेव्हा थांबला नव्हता, त्यांचाही थांबला नाही. मला उत्तर मिळालं. मी त्यांच्या द्रोणात आमटी वाढली. त्यांनी ती खाल्ली, सगळी, खाली मान घालून, आणि द्रोण पुन्हा पुढे केला. मी पुन्हा वाढली.

तुला दिलेला शब्द मी मोडला आहे. सुमीला सांगू नको म्हणाली होतीस, मी पंगतीला सांगितलं. येत्या जूनमध्ये भरती सुरू होईल तेव्हा मी प्रत्येक आईला आधी विचारणार आहे, बाई, त्या दिवशी चुलीवर काय शिजत होतं? हेडमास्तरांना काय म्हणायचं ते म्हणू देत. आणि दर डिसेंबरात माझ्या घरी सोले भाजले जातील, वास गल्लीच्या टोकापर्यंत जाईल, आणि कोणी विचारलं काय गं आज, तर मी सांगेन, माझी मोठी आज झाली. दीड वितीहून थोडी जास्त होती, केस खूप होते, काळे. आणि ती रडली होती, चांगली मोठ्यानं.